उघाडीचं दार आणि तुर्भ्याचा बाजार

नवी मुंबईत बेलापूर, नेरूळ, वाशी भागात खाडीच्या कडेने मोठे तलाव आहेत. कागदोपत्री ते धारण तलाव, बोलण्यात मात्र सगळे होल्डिंग पाँडच म्हणतात. शहरातल्या पावसाचं पाणी नाल्यांतून आधी या तलावांत येतं. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. भरती चढली की खाडीचं पाणी झडप दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आत साठलेलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. समुद्रसपाटीला लागून वसवलेलं हे शहर पावसाळ्यात तुंबत नाही ते बऱ्याच अंशी या झडपांच्या भरवशावर. हे तंत्र हॉलंडकडून घेतलं असं सांगतात. पण शहर येण्याआधीपासून इथले शेतकरी तेच तंत्र लाकडी दारावर चालवत होते. त्या दाराला उघाडी म्हणतात. पनवेल, उरण, पेण, अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, ती आजही आहे.

हवामान बदलाने शेतीचं नेमकं काय होतं हे समजून घ्यायला उघाडीजवळ उभं राहावं. तापमान किती अंशांनी वाढलं, पाऊस किती टक्क्यांनी बदलला, असे आकडे आपण ऐकतो. पीक मात्र सरासरीवर वाढत नाही, ते वेळेवर वाढतं. पाणी कधी आलं, कधी थांबलं, दार किती वेळ उघडं राहिलं, यावर भाताचं वर्ष ठरतं.

१७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात येऊ लागल्या. त्यात भातशेती होती, मिठागरं होती. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. जमिनीच्या मोबदल्याची ही कहाणी नवी मुंबईत घरोघर माहीत आहे. ती जमीन पिकत कशी होती, हे मात्र आता फारसं कुणी सांगत नाही, आणि आज तेच जाणून घेण्याची जास्त गरज आहे.

खारजमीन म्हणजे खाडीकडून मागून घेतलेली जमीन. चिखलाचा आणि दगडाचा बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा, पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं आणि त्या धुतलेल्या मातीत भात घ्यायचा. जून-जुलैच्या पावसात वरच्या थरातलं मीठ विरघळतं. ते पाणी ओहोटीला उघाडीवाटे खाडीत जातं. शेतात गोडं पाणी उभं असेपर्यंत खालचा खार दबून राहतो. पाऊस ओसरून शेत सुकू लागलं की जमिनीतला ओलावा वर चढतो, हवेत उडून जातो आणि बरोबर आणलेलं मीठ मागे ठेवतो. उन्हाळ्यात या शेतांवर पांढरी खपली दिसते ती त्याचीच. म्हणून इथे मुख्य पीक एकच, आणि तेही सर्वस्वी पावसाच्या हवाली.

भाताचं रोप दोन वेळा मिठाला फार हळवं असतं. एकदा अगदी कोवळं असताना, आणि पुन्हा फुलोऱ्यात येताना. खारेपाटातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून काळा रता, भुरा रता असे लाल तांदळाचे वाण जपले, कारण ते हा खार सोसतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे. तिथे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे क्षार सोसणारे वाण तयार झाले. गगनचुंबी इमारतींच्या इतक्या जवळ खाऱ्या मातीत भात कसा जगवायचा याचं संशोधन चालतं, ही गोष्ट नवी मुंबईच्या शाळांमधून मुलांना दाखवायला न्यावी इतकी मोलाची आहे.

पण वाण कितीही काटक असला तरी त्याला मीठ धुणारा पाऊस वेळेवर लागतो. त्या पावसाचं काय झालं आहे? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारतीय पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं त्यात दिसलं. त्याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र घटत होती. या अतिवृष्टीला बाष्प पुरवणारा अरबी समुद्र तापतो आहे. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. ती जास्त काळ धरून ठेवते आणि मग एकदम सोडते. म्हणून लांबलेले खंड आणि कोसळणारा पाऊस हे दोन्ही एकाच वर्षात, कधी एकाच महिन्यात दिसतात. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. भरड जमिनीवर असा खंड पडला तर पीक तहानतं. खारजमिनीत त्याहून वाईट होतं: शेतातलं गोडं पाणी आटतं, दबलेला खार वर येतो, आणि ऐन वाढीतलं भात पिवळं पडतं. पुढे सप्टेंबरात भरपूर पाऊस झाला तर वर्षाची सरासरी सावरते, पण ते शेत सावरत नाही.

आता दुसरी बाजू, समुद्राची. जगाच्या समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर चढली, असं आंतरसरकारी हवामान बदल समितीचा सहावा अहवाल सांगतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत हा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ मिलिमीटर झाला. वाचताना हे आकडे किरकोळ वाटतात. उघाडीच्या दारात ते मिनिटांत मोजता येतात. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक धरला, तर मधल्या टप्प्यात पाणी तासाला साधारण १ मीटर या वेगाने चढतं-उतरतं. समुद्र आणखी २० सेंटिमीटर चढला, तर ओहोटीला दार उघडायला १२ मिनिटं उशीर होईल आणि भरतीला ते १२ मिनिटं आधी बंद होईल. एका ओहोटीत २४ मिनिटं गेली. दिवसाला दोन ओहोट्या, म्हणजे पाऊण तासाहून जास्त निचरा कमी झाला, आणि तोही नेमका अशा काळात जेव्हा पाऊस कमी तासांत जास्त पडतो आहे. हा हिशोब खारेपाटातल्या शेताला लागू आहे आणि वाशी-नेरूळच्या धारण तलावांनाही तितकाच.

पाणी आत अडकलं की भात कुजतं. समुद्र आत आला तर त्याहून मोठं संकट. बांधात खेकडे बिळं करतात, भेगा पडतात, उधाणाच्या लाटा त्यात शिरतात आणि एका रात्रीत बांधाला खांड जाते. खांड गेली की खारं पाणी शेतात पसरतं आणि ती जमीन पुन्हा पिकती व्हायला काही पावसाळे जावे लागतात. पूर्वी गावकी एकत्र येऊन बांधाची डागडुजी करायची. कारखाने, बंदर, शहर आलं, माणसं नोकरीला गेली, आणि चिखलात उतरणारे हात कमी झाले. खारभूमी विकासाचा कायदा राज्यात १९७९ पासून आहे. बांधांच्या सरकारी योजना आहेत आणि खासगीही. खासगी बांध फुटला की दुरुस्ती कुणी करायची यावर कागद फिरत राहतात, तोवर अमावास्या-पौर्णिमेची उधाणं थांबत नाहीत.

यातला सर्वांत अवघड गुंता पुढे आहे. खारं पाणी शिरलेल्या शेतात दोन-चार वर्षांत कांदळवन उगवतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीवर बंदी घालणारा आदेश दिला आणि २०१८ च्या निकालाने ते संरक्षण पक्कं केलं. हे संरक्षण हवंच. लाटांचा जोर मोडणारी, माशांची पिल्लं वाढवणारी ही झाडं नसती तर ठाणे खाडीचा किनारा केव्हाच उघडा पडला असता. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती लिहिली आहे आणि ज्याचा बांध त्याच्या दोषाशिवाय फुटला, त्याच्या शेतात कांदळवन उभं राहिलं की त्याला ना पीक मिळतं, ना ती जमीन परत पिकवता येते. माझं स्पष्ट मत आहे की या शेतकऱ्याला एक तर बांध वेळेत दुरुस्त करून मिळाला पाहिजे, नाहीतर कांदळवन राखण्याचा मोबदला. किनारा वाचवण्याचा खर्च त्या एकट्याच्या शेतावर टाकणं अन्यायाचं आहे.

भात कापणीला आल्यावरही सुटका नसते. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळं आली. दोन्ही कोकणावर आदळली नाहीत, पण त्यांच्या पावसाने तयार भात आडवं झालं, कापून ठेवलेल्या भाताला शेतातच मोड आले. पुढच्या वर्षी ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ थेट रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. भाताचं एक वर्ष बुडतं, पण पोफळीची बाग पुन्हा उभी राहायला अनेक वर्षं लागतात. आणि कापणी लांबली की मागचं सगळं लांबतं. भात निघाल्यावर शेतातल्या उरलेल्या ओलीवर वाल टाकतात, अलिबागकडे पांढरा कांदा लावतात. ओल टिकण्याचे दिवस ठरलेले असतात. थंडीत शेताच्या बांधावर मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावणाऱ्या रायगडकराला त्या शेंगा उशिरा आल्या की ऑक्टोबरात काय झालं हे लगेच कळतं.

खारेपाटातला हा अनुभव आता पूर्ण महाराष्ट्राचा होतो आहे, आणि तो सगळा एका जागी बघायचा असेल तर तुर्भ्याला जावं. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे पाच घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत मुंबईतून इथे आले. लोक त्याला वाशी मार्केट म्हणतात. मुंबई महानगरातल्या कोट्यवधी लोकांच्या ताटातला मोठा भाग या आवारातून जातो. रोज पहाटे आवक किती, माल कसा, यावरून राज्याच्या कानाकोपऱ्यातलं हवामान इथे वाचता येतं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भिजून आल्या तर नाशिक-पुण्याकडे रात्री पाऊस झाला हे सांगायला कुणी लागत नाही.

फळबाजारातला हापूस घ्या. ऑक्टोबरात पाऊस संपला पाहिजे, जमिनीला ताण बसला पाहिजे, मग रात्री थंड व्हायला हव्यात, तेव्हा मोहोर फुटतो. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की झाडाला मोहोराऐवजी पालवी येते. मोहोर आला, फळ वाटाण्याएवढं झालं आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा कडक थंडी पडली, तर झाड नवा मोहोर काढतं. बागायतदार त्याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडातला अन्नरस नव्या मोहोराकडे वळतो आणि आधीची कैरी गळते. ढगाळ हवेत तुडतुडे आणि भुरी, फवारणीचा खर्च वर. त्यातून वाचलेली कैरी मार्चच्या उन्हात सापडते. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च होता. अशा उन्हात फळ झाडावरच भाजतं, गळतं. यातल्या एकेका संकटावर दापोली विद्यापीठाने उपाय दिले आहेत. चारही एकाच हंगामात आल्यावर कोणता उपाय पुरणार?

बाजारात याचा परिणाम असा होतो की गुढीपाडवा, अक्षय्य तृतीयेला, भाव असतो तेव्हा, पेट्या थोड्या येतात. मेच्या उत्तरार्धात सगळा माल एकदम येतो, भाव उतरतो, आणि तेवढ्यात पाऊस येतो. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. इतक्या लवकर तो आल्याची नोंद नव्हती. झाडावरच्या शेवटच्या आंब्याला तेवढे दिवस मिळालेच नाहीत. इकडे नोव्हेंबर-डिसेंबरात आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस याच बाजारात विकायला येऊ लागला आहे. खाणाऱ्याची हौस जग भागवील. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराचं कर्ज कोण भागवणार, हा प्रश्न उरतोच.

आंबा न खाता माणूस राहू शकतो. कांद्याचं तसं नाही. देशाच्या वर्षभराच्या कांद्यातला जवळपास दोन-तृतीयांश हा रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा असतो. एप्रिल-मेमध्ये तो काढतात, सुकवतात आणि चाळीत भरतात. तो ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा, मग खरिपाचा नवा कांदा येतो. सगळी साखळी एका गृहीतावर उभी आहे: एप्रिल-मेमध्ये पाऊस पडणार नाही. अवकाळी पाऊस आणि गारपिटीने तेच गृहीत मोडलं आहे. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, सडतो, कोंब काढतो. चांगल्या वर्षीही साठवणीत मोठी घट होते, भिजलेल्या वर्षी ती आवरत नाही. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसाने खरिपाचा कांदा शेतातच खराब केला की दोन हंगामांच्या मधली फट रुंदावते, आणि तीच फट शहरात भाव होऊन दिसते. विकिरण प्रक्रियेने कोंब रोखण्याचं भाभा अणुसंशोधन केंद्राचं केंद्र लासलगावला २००२ पासून आहे. पण ती प्रक्रिया कोंब थांबवते, ओलीने आलेली सड थांबवत नाही. मूळ दुखणं ओलीचं आहे.

अशा वेळी सरकार काय करतं? २०२२ च्या मार्चातल्या उष्णतेने उत्तरेत गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची, डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची. शहरी ग्राहकाला थोडा दिलासा मिळतो, हे खरं. पण ज्या शेतकऱ्याचं अर्धं पीक हवामानाने नेलं, त्याच्या उरलेल्या अर्ध्याला मिळू शकणारा भावही त्यामुळे जातो. पुढच्या वर्षी तो कांदा कमी लावतो. टंचाईचं बी असंही पेरलं जातं.

अन्नसुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धान्याची कोठारं येतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि त्याने उपासमारीपासून मोठं संरक्षण मिळालं. पण तुर्भ्यात हवामानाचा फटका ज्या मालावर रोज दिसतो तो रेशनच्या दुकानात मिळत नाही. पालेभाजी, टोमॅटो, कांदा, डाळ, फळ. दिघा-रबाळ्याच्या वस्तीतल्या घरात भाव वाढले की भात-चपाती कमी होत नाही, आधी भाजी पातळ होते, मग डाळ, मुलांची फळं तर कधीच बंद झालेली असतात. पोट भरतं, पण अंगाला लोह-प्रथिनं मिळत नाहीत. त्यात आणखी एक भर. हवेतला कार्बन डायऑक्साइड या शतकात ज्या पातळीला जाण्याची शक्यता आहे, त्या पातळीत वाढवलेल्या गहू-तांदळात जस्त, लोह आणि प्रथिनं कमी भरतात, असं प्रत्यक्ष शेतातल्या प्रयोगांत दिसलं आहे. ज्या घरात भातावरच भिस्त आहे, तिथे ही घट सर्वांत आधी लागेल.

आणि हा पुरवठा एका दारातून येतो, हेही ध्यानात घ्यायला हवं. २०२० च्या मे महिन्यात करोनामुळे हे पाचही बाजार आठवडाभर बंद ठेवावे लागले, तेव्हा शहराला ते कळलं. शहराच्या जवळ जे काही पिकतं ते टिकवणं म्हणूनच हौसेचा विषय राहिलेला नाही. उरण-पेणचा भात, वाल, भाजी, खारेपाटातल्या तळ्यांतला जिताडा मासा मुंबई महानगराचं पोट भरणार नाही, हे मान्य. पण घाट बंद पडले, नाशिककडे गारा झाल्या, तर हाताशी असलेला तोच आधार आहे.

त्या आधाराचं काय होणार हे ठरण्याची वेळ आता आली आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत ‘तिसऱ्या मुंबई’साठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली आहे. यातली कितीतरी गावं खारेपाटातली आहेत. आराखड्यात रस्ते आणि भूखंड आखताना कोणता खारबांध राहणार, त्याची दुरुस्ती कोणत्या खात्याकडे असणार, बांधाची उंची वाढत्या समुद्राच्या हिशोबाने किती धरणार, कोणत्या उघाड्या रुंद करणार, हे नावानिशी लिहिलेलं असलं पाहिजे. गावकऱ्यांनी ते हरकतींच्या टप्प्यातच मागून घ्यावं. कारण एका बाजूला भराव पडून जमीन उंच झाली की तिथलं पाणी शेजारच्या सखल शेतात उतरतं, आणि त्या शेताची उघाडी तेवढ्या पाण्यासाठी कधी बांधलेलीच नव्हती.